मुकं बीकन

१

"उघड," ब्रिन म्हणाली आणि तिने पारदर्शक पिशवी लूशामावशीच्या टेबलावर ठेवली.

पिशवीत तिच्या नवऱ्याचं बीकन होतं. साबणाच्या वडीएवढी नारिंगी पेटी, कडांना खरचटलेली. लार्चफोर्डमध्ये हिवाळ्यात डोंगरावर जाणारा प्रत्येक जण असली पेटी छातीला बांधतो. बर्फाचा कडा कोसळून माणूस गाडला गेला, तर ती आतून हाका मारत राहते आणि वरच्यांच्या पेट्या त्या हाकांचा माग काढतात. कोल सूकरॉफ म्हणजे गावातला सगळ्यात जाणता वाटाड्या. दोन आठवड्यांपूर्वी तो गाडला गेला, तेव्हा वर बाकीच्या पेट्या कान टवकारून बसल्या होत्या. खालून हाक आलीच नाही. लांब काठ्या बर्फात खुपसत त्याला शोधून काढलं, तोवर सगळं संपलं होतं.

शनिवार होता. शनिवारी गावच्या हॉलच्या तळघरात दुरुस्तीची बैठक भरे. लोक बिघडलेले टोस्टर, रेडिओ, मुलांची खेळणी घेऊन येत आणि बोर्श्टचं सूप पीत गप्पा छाटत. ही बैठक लूशा पेरेपोल्किनने सुरू केली होती. उभा जन्म विमानांची उपकरणं दुरुस्त करण्यात गेल्यामुळे निवृत्तीनंतर तिला घरी बसवेना. जीभ तिखट, हात हलका आणि दुसऱ्याच्या घाईबद्दल मनस्वी तिटकारा, अशी बाई. सगळं गाव तिला मावशी म्हणे, आणि टरकून असे.

आता तळघरातले सगळे स्क्रू ड्रायव्हर जागच्या जागी थांबले होते. हे बीकन शरद ऋतूत कुणी दुरुस्त केलं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. नेल पोपॉफने. नेल मावशीची पट्टशिष्या होती, मुख्य रस्त्यावर तिचं दुरुस्तीचं दुकान होतं. शिवाय ब्रिनशी लग्न होण्याआधी कोलचा साखरपुडा नेलशी झालेला होता. गावाला बोलायला आणखी काय हवं होतं?

"पोलिसांनी अपघात म्हणून नोंद केली, सामानाला हातही लावला नाही," ब्रिन म्हणाली. "पण गुरुवारी वाटाड्यांची सभा आहे. हे का मुकं राहिलं ते तिथे कळायला हवं. तू उघड, सगळ्यांसमोर. तुझ्या शब्दापुढे गावात कुणी जात नाही."

मावशीला सगळ्यांसमोर काही करायला आवडत नसे. तरी तिने स्वच्छ रबरी चटई अंथरली, हातमोजे चढवले आणि चारी बाजूंनी फोटो काढले. "आधी सेल, मग बाकी सगळं," ती सवयीने पुटपुटली. मागच्या झाकणाच्या खाचेत नाणं घालून तिने हलकेच फिरवलं.

झाकण निघालं आणि बघ्यांच्या तोंडून एकच आवाज फुटला. तिन्ही सेल फुटून आतून झिरपलेल्या पांढऱ्या क्षाराने माखले होते.

"बघितलंत?" ब्रिन सगळ्यांकडे वळली. "हेच साफ करायचे तिने पैसे घेतले होते."

२

दुपारी सगळे पांगल्यावर मावशीने आतून कडी लावली.

तिला भीती वाटत होती, आणि ती भीती बीकनची नव्हती. नेलला तिने स्वतःच्या हाताने घडवलं होतं. पोरीने कामचुकारपणा केला असेल, तर तो शिकवणारीचाही होता. आणि त्याहून वाईट काही असेल तर? जुना साखरपुडा, जुना राग. मावशीने तो विचार झटकला, पण तो गेला नाही.

मोज्यांच्या बोटांनी तिने सेल एकेक करून उचलले. तिसरा तिच्या बोटाला चिकटला. टोकाशी काहीतरी चिवट होतं. क्षार असेल म्हणून तिने तो वेगळ्या डबीत टाकला.

मग तिने हवा गरम करणारं यंत्र दूर धरून मागचं लेबल कोमट केलं आणि अलगद सोलून काढलं. खाली एक स्क्रू दडलेला होता. घाईचा माणूस हा स्क्रू विसरतो आणि पेटी चिरडून ठेवतो. सगळे स्क्रू तिने कागदावर ज्याच्या त्याच्या जागी मांडले. त्यांतले दोन लांब होते, आणि लांब स्क्रू आखूड भोकात गेला की आतली पट्टी भोसकून निघते.

प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर जांभळ्या नेलपॉलिशची बारीक रेघ होती, अर्धी स्क्रूवर आणि अर्धी प्लास्टिकवर. ही नेलची सही. तिच्यामागून कुणी तो स्क्रू फिरवला असता, तर रेघ तुटली असती. मावशीने फिरवण्याआधी भिंगातून पाहिलं होतं. एकही रेघ तुटलेली नव्हती.

म्हणजे नेलनंतर पेटीच्या पोटात कुणी शिरलं नव्हतं. जे काही बिघडलं, ते नेलच्याच हातचं.

धातूला हात न लावता प्लास्टिकच्या पातीने तिने फट उकलली. झाकण ओढलं नाही, पुस्तकासारखं कलतं केलं, कारण आत केसाएवढ्या तारा असतात. तिने भिंग डोळ्याला लावलं.

आतलं काम आरशासारखं होतं. हिरवा डाग नाही, सैल टाका नाही. सेलला टेकणाऱ्या स्प्रिंगा चकचकीत होत्या. तिन्ही सेल क्षाराने बरबटलेले आणि त्यांना टेकलेल्या स्प्रिंगा कोऱ्या, हे कसं?

तिने टेबलावरच्या यंत्रातून बेताबेताने वीज सोडली. काटा जागेवर राहिला, कुठे चटका नाही की धूर नाही. बीकनचा दिवा लुकलुकला आणि शेजारी ठेवलेली दुसरी पेटी ताबडतोब टिवटिवू लागली.

कोलचं बीकन ठणठणीत होतं. मावशी खुर्चीत बसली. फुटके सेल या पेटीत फुटलेच नव्हते. कुणीतरी ते नंतर आणून ठेवले होते.

३

नंतर म्हणजे कोल गेल्यावर, कारण असल्या मेलेल्या सेलांवर कुठलाही वाटाड्या डोंगरावर निघाला नसता. तेव्हापासून पेटी तिघांच्याच हाती लागली होती. कोलला बर्फातून उकरणारा हेडन, रात्रभर सामान कपाटात ठेवणारा गॅव्हिन लिडस्टोन, आणि घरी घेऊन गेलेली ब्रिन.

गॅव्हिन वाटाड्यांच्या कंपनीचा मालक. रविवारी मावशी त्याच्या ऑफिसात गेली, तर तो तिला बसा म्हणायलाही तयार नव्हता.

"लूशाबाई, तुम्ही टोस्टर दुरुस्त करा. माणसं मेल्यावर टोस्टरवाल्यांनी कशाला नाक खुपसायचं?"

"टोस्टरने कुणी मेलं तर तुम्हालाच विचारेन. कोल तुमची कंपनी सोडणार होता म्हणे?"

गॅव्हिनचा चेहरा तांबडा झाला. "सोडणार होता. निम्मी गिऱ्हाइकं घेऊन जाणार होता. म्हणून मी काय त्याला मारलं? माझ्याकडे नियम आहे, साठ टक्क्यांखाली सेल दिसले की बदलायचे. खोकंभर साधे अल्कलाइन सेल फुकट ठेवलेत मी. नाताळनंतर कोलने त्यातला एकही उचलला नाही. विचारा कुणालाही."

"का नाही उचलला?"

"ते त्याला विचारायला हवं होतं," गॅव्हिन म्हणाला, आणि मग त्याचा आवाज खाली आला. "मीच विचारायला हवं होतं."

हेडन शेडमध्ये स्कीला मेण लावत होता. कोलच्या मागे त्याची जागा याच्याकडे आली होती, आणि गावात तीही कुजबुज होती. मावशीला पाहून त्याने मेण वितळवायची इस्त्री खाली ठेवली.

"मावशी, मला झोप लागत नाही," तो सरळच म्हणाला. "उकरल्यावर त्याची पेटी बंद करायला मी बटण शोधलं, तर ती आधीच मेलेली. दिवासुद्धा नाही."

"झाकण उघडलंस?"

"त्या वेळी? हातात जीव नव्हता माझ्या."

"सकाळी निघताना तपासलं होतं?"

"रोज तपासतो. एकेक जण पुढून चालत जातो, पेटी बोलते की नाही ते बघतो, टक्के मोठ्याने सांगतो. कोलची बोलत होती. सत्त्याण्णव म्हणाला." हेडन क्षणभर हसला. "त्यावरून आम्ही त्याला चिडवायचो. नाताळनंतर कधीही विचारा, अठ्ठ्याण्णव नाहीतर सत्त्याण्णव. आमचे सेल पटापट उतरायचे, हा मात्र म्हणायचा, नेलने अशी साफ केलीय की पेटी म्हातारीच होत नाही."

मावशीचे डोळे बारीक झाले. "आणि ते ऐकून तुमच्यापैकी कुणाला काही वाटलं नाही?"

"आकडा चांगला होता, मावशी. चांगल्या आकड्याला कोण हटकतं?" मग तो थांबला. "बीकन कसं बघायचं ते आम्हाला सगळ्यांना ब्रिनने शिकवलंय. लग्नाआधी ती इथल्या बचाव पथकात होती, वर्ग घ्यायची. तिने शिकवलं तसंच केलं आम्ही. मग चुकलं कुठे?"

मावशी तिथून थेट नेलकडे निघाली.

४

नेलच्या दुकानाला कुलूप होतं. काचेवर कुणीतरी बोटाने एक शब्द लिहून ठेवला होता. मावशीने तो बाहीने पुसला आणि मागच्या जिन्याने वर गेली.

नेलने दार उघडलं, पण ती दारातच उभी राहिली. केस विंचरलेले नव्हते. "तू उघडलंस म्हणे. गाव बोलतंय. क्षार होता ना? मीच मारलं त्याला, मावशी. कितीदा आठवून बघते, स्प्रिंग नीट घासली होती का. आता तर आठवतही नाही."

"आत घे मला. आणि रडणं थांबव, मला विचारायचंय." मावशी खुर्ची ओढून बसली. "मी तुझ्यावर संशय घेतला होता. दोन्ही प्रकारचा. तोंडावर सांगते, मागाहून कळायला नको."

नेलने मान खाली घातली. "घ्यायलाच हवा होतास."

"शरद ऋतूत त्यातून फुटके सेल काढलेस, त्यांचं काय केलंस?"

"परत दिले. तूच शिकवलंयस, निघालेला माल गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, म्हणजे काम झाल्याचं त्याला दिसतं."

"कसे दिले?"

"लहान पिशवीत. टोकांना चिकटपट्टी लावून, एकमेकांना टेकून तापू नयेत म्हणून. ब्रिन आली होती न्यायला. कचराकुंडीत टाकू नकोस, गोळा करायच्या डब्यात टाक, असं तिला म्हटलं होतं." नेलने वर पाहिलं. "का गं?"

मावशीने खिशातून डबी काढली आणि तिसरा सेल भिंगाखाली धरला. टोकावर क्षार नव्हता. चिकटपट्टी सोलून काढल्यावर राहतो तसा चौकोनी डिंकाचा ठसा होता, आणि त्याला चिकटपट्टीचा एक बारीक धागा अडकला होता.

"हे तुझेच सेल," मावशी म्हणाली. "ऑक्टोबरमध्येच मेलेले. यांच्यावर तर दिवाही लागला नसता, मग त्या सकाळी कोलने सत्त्याण्णव टक्के कुठून वाचले? कोल गेला त्या दिवशी आत वेगळे सेल होते. आणि ते अल्कलाइन नव्हते."

नेल कारागीर होती. तिला पुढचं सांगावं लागलं नाही. तिच्या चेहऱ्यावरचा रंग आधी गेला, मग परत आला. "लिथियम," ती पुटपुटली. "लिथियमची ताकद शेवटपर्यंत उतरतच नाही. मापाला वाटतं, सेल नवेच आहेत. शेवटच्या क्षणापर्यंत सत्त्याण्णव, आणि मग एकदम काहीच नाही. पण मावशी, झाकणाच्या आत कोरलंय, फक्त अल्कलाइन. कोलला ते माहीत होतं. वाटाड्याच्या शेंबड्या पोरालाही..."

ती वाक्य पुरं करू शकली नाही. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

५

सोमवारी ब्रिनच्या स्वयंपाकघरात ओव्हनमधून भाजी भरलेले पिराही पाव भाजल्याचा वास येत होता. तिची लेक टिली शाळेत गेली होती. मावशीने कोट काढला नाही.

"फुटके सेल तुझ्या घरातून गेलेत," ती म्हणाली. "गॅव्हिनकडे ते नव्हते, हेडनला ते असल्याचं ठाऊकसुद्धा नव्हतं. पेटी घरी आल्यावर तू आतले काढलेस आणि हे घातलेस. मग ती माझ्यापुढे आणून ठेवलीस, म्हणजे माझ्या हातून सगळ्या गावाला क्षार दिसेल."

ब्रिन ओट्याला टेकून उभी होती. "तू नुसतं झाकण उघडशील असं वाटलं होतं."

"मला ओळखतेस आणि असं वाटलं?"

"घाबरलेल्या माणसाला काहीही वाटतं, मावशी."

"कुणासाठी घाबरलीस? लिथियम चालत नाही हे कोलला माहीत होतं. तू तर सगळ्या गावाला ते शिकवलंयस. तुम्ही दोघंही चुकून ते घालणार नाही, आणि मुद्दाम मारणारी तू नव्हेस, ते मला दिसतंय. या घरात हे माहीत नसलेलं एकच माणूस आहे."

ब्रिनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"नाताळला टिलीने आपल्या खाऊच्या पैशातून आणले," शेवटी ती म्हणाली. "पाकिटावर लिहिलं होतं ना, कडाक्याच्या थंडीतही चालतात. बाबा नेहमी थंडीत असतो. गुपचूप घातले, त्याला न सांगता. तिचं गुपित. सामान घरी आलं, मी झाकण उघडलं, तर ती माझ्या मागेच उभी होती. म्हणाली, आई, ते माझे आहेत. चालले ना बाबाला?"

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, हो राणी, खूप चालले." ब्रिन आता उघड रडत होती. "नऊ वर्षांची आहे ती. हे एकदा गावात फुटलं की शाळेत फुटणार. जन्मभर तिच्या पाठीशी लागणार. नेल मोठी आहे. दुकान बंद पडलं तर दुसऱ्या गावात उघडेल."

मावशीला तिची दया आली आणि रागही आला, आणि दोन्ही तिने लपवले नाहीत. "नेल दोन आठवडे घराबाहेर पडलेली नाही. आपण त्याला मारलं असं तिला वाटतंय. तुझ्या पोरीला जे होऊ नये म्हणून तू धडपडतेस, तेच तू दुसऱ्या कुणाच्या तरी पोरीला केलंस."

ब्रिनने ओव्हन बंद केला.

"गुरुवारी मी सांगणार की नेलचं काम चोख होतं, क्षार बनावट होता आणि आत लिथियम होते. त्यात एक अक्षर कमी करणार नाही. कुणी घातले ते मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, त्यामुळे ते मी सांगणार नाही. पण सभेत कुणीतरी विचारेलच."

६

गॅव्हिननेच विचारलं.

हॉल खचाखच भरला होता. मावशीने पेटी दाखवली, जांभळ्या रेघा दाखवल्या, डिंकाचा ठसा दाखवला. मागच्या रांगेत नेल भिंतीला टेकून बसली होती, आणि इतके दिवस तिच्याकडे पाठ करणारे आता तिच्याकडे बघायला लाजत होते.

"मग लिथियम घातले कुणी?" गॅव्हिन म्हणाला. "आणि सेल बदलून नेलच्या अंगावर ढकललं कुणी?"

ब्रिन उभी राहिली.

"दोन्ही मीच. त्याला थंडीत टिकतील म्हणून लिथियम मीच आणले, माझ्या हाताने घातले. चालत नाहीत ते मला आठवलं नाही. मग घाबरले आणि दुसऱ्याचं नाव काळं केलं. नेल, मी तुझी अपराधी आहे. हे सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं, म्हणून सांगितलं."

तिथे बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाने बीकन हातात धरायला ब्रिनकडून शिकलं होतं. फक्त अल्कलाइन, हे तिने एकेकाकडून घोकून घेतलं होतं. तिला आठवलं नाही, यावर त्यांच्यातला एकही जण विश्वास ठेवू शकत नव्हता. आणि तिच्या घरात आणखी कोण आहे, तेही प्रत्येकाला माहीत होतं.

गॅव्हिनने तोंड उघडलं, ब्रिनकडे पाहिलं, आणि मिटलं.

मग हेडन घसा खाकरून म्हणाला, "होते चूक. माणूस विसरतो." त्याच्या शेजारच्याने मान डोलावली. मग त्याच्या शेजारच्याने.

नेल मागून उठली. खुर्च्यांमधून वाट काढत ती पुढे आली. ती ब्रिनच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसली. तिने हात धरला नाही, डोळे पुसले नाहीत. तिचा राग गेलेला नव्हता, तो तिच्या जबड्यात दिसत होता.

"तुला माफ करायला मला वेळ लागेल," ती हलकेच म्हणाली, जेमतेम पुढच्या रांगेला ऐकू जाईल इतकं. "पण तू जे सांगितलंस ना आत्ता, ते कधी बदलू नकोस. तिच्यासमोर तर नाहीच. आपण त्याला मारलं, हे मी दोन आठवडे उरावर घेऊन झोपलेय. मोठ्या माणसालासुद्धा ते पेलत नाही गं."